एका तोरणाची तीन नावे

बीजिंग नगरीच्या मध्यभागी, तिआनआनमेन या इतिहासप्रसिद्ध महाद्वाराच्या पश्चिमेस लागूनच एक विस्तीर्ण उद्यान आहे. आधुनिक चीनचे जनक डॉ. सन यत्-सेन यांच्या नावावरून त्यास झोंगशान उद्यान म्हणतात. दक्षिणेच्या दरवाजातून आत पाऊल टाकताच प्रवाशाची दृष्टी एका पांढऱ्या दगडी तोरणावर स्थिरावते. चार भक्कम खांब, त्यांमधून जाणाऱ्या तीन वाटा आणि माथ्यावर निळ्या कौलांची नक्षीदार छपरे असे त्याचे रूप आहे. सांचीच्या स्तूपाची तोरणे ज्याने पाहिली आहेत, त्याला ही रचना अगदीच परकी वाटणार नाही. मधल्या वाटेवरील शिळेवर चार चिनी अक्षरे कोरलेली आहेत. त्यांचा अर्थ, ‘शांततेचे रक्षण करा’.

तोरणाखालून मुले धावत जातात, वृद्ध मंडळी सकाळच्या व्यायामाला निघालेली असतात, परगावचे लोक छायाचित्रे काढून घेतात. शांततेविषयीचा हा उपदेश उद्यानाच्या प्रसन्न वातावरणाशी इतका मिळूनमिसळून गेलेला आहे की, हे दगड मुळात येथले नव्हेत आणि त्यांच्यावर पूर्वी निराळीच अक्षरे होती, अशी शंकाही पाहणाऱ्याच्या मनात येत नाही. परंतु एकाच तोरणाने गेल्या सव्वाशे वर्षांत तीन नावे धारण केली आहेत, आणि त्या तीन नावांत चीनच्या अर्वाचीन इतिहासाचे तीन अध्याय सामावलेले आहेत.

तोरणाकडे वळण्यापूर्वी ज्या भूमीवर ते उभे आहे तिची ओळख करून घेणे इष्ट ठरेल. मिंग घराण्यातील युंगलो सम्राटाने पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात आपली राजधानी येथे वसविली, त्या वेळी राजवाड्याच्या बाजूस भूमी आणि धान्य यांच्या देवतांसाठी एक चौरस वेदी बांधण्यात आली. वेदीच्या माथ्यावर पाच रंगांची माती पसरलेली असे. पूर्वेस निळसर, दक्षिणेस तांबडी, पश्चिमेस पांढरी, उत्तरेस काळी आणि मध्यभागी पिवळी. सर्व दिशांची भूमी एका सम्राटाच्या सत्तेखाली आहे, असा तिचा संकेत होता. सम्राट येथे सुगीसाठी प्रार्थना करी. सामान्य माणसाला मात्र आत प्रवेश नव्हता. 1911 च्या क्रांतीने राजसत्ता गेली आणि 1914 च्या ऑक्टोबरात हे आवार ‘मध्यवर्ती उद्यान’ म्हणून लोकांस खुले झाले. वेदी आजही तेथे आहे. तोरण मात्र तेथे आले ते त्यानंतर पाच वर्षांनी.

त्याचा जन्म झाला तो शहराच्या पूर्व भागातील एका गजबजलेल्या रस्त्यावर, आणि त्या जन्माला कारण झाला एक खून. 1897 मध्ये शांडुंग प्रांतात दोन जर्मन धर्मोपदेशक मारले गेले. ते निमित्त साधून जर्मनीने तेथील ज्याओजौ उपसागर बळकावला आणि 1898 मध्ये तो प्रदेश 99 वर्षांच्या पट्ट्याने आपल्याकडे घेतला. पूर आणि अवर्षण यांनी गांजलेल्या त्याच शांडुंगच्या खेड्यांतून ‘यिहेतुआन’ नावाची चळवळ उठली. तिचे अनुयायी मुष्टियुद्धासारखे व्यायाम करीत. म्हणून पाश्चात्त्यांनी त्यांना ‘बॉक्सर’ म्हटले. मंत्राने शरीर अभेद्य होते, बंदुकीची गोळी लागत नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. परकीय आणि परधर्म यांविरुद्धचा त्यांचा रोष 1900 च्या उन्हाळ्यात राजधानीपर्यंत येऊन पोचला. त्या रोषाला चिनी ख्रिस्ती कुटुंबेही मोठ्या संख्येने बळी पडली, हेही सांगितले पाहिजे.

त्या वेळी जर्मनीचा वकील होता बॅरन क्लेमेन्स फोन केटेलर. स्वभावाने तो तापट होता. जूनच्या मध्यास त्याने रस्त्यातून जाणाऱ्या बॉक्सरांवर छडी उगारली आणि त्यांतील एका मुलास पकडून ठेवले. 20 जून 1900 रोजी सकाळी तो पालखीत बसून चिनी परराष्ट्र कचेरीकडे निघाला. वाटेत मांचू सैन्यातील एनहाय नावाच्या शिपायाने त्याच्यावर गोळी झाडली. केटेलर जागीच ठार झाला. त्याचा दुभाषा जखमी होऊन कसाबसा निसटला. त्याच दिवशी परकीय वकिलातींना वेढा पडला आणि दुसऱ्या दिवशी राजमाता त्स्युशीच्या दरबाराने युद्ध पुकारले. हा वेढा 55 दिवस चालला.

वेढा उठविण्यासाठी आठ राष्ट्रांची सेना चालून आली. त्या सेनेतील ब्रिटिश म्हणविल्या जाणाऱ्या तुकडीत बहुसंख्य शिपाई हिंदुस्थानी होते. 14 ऑगस्ट 1900 रोजी नगराच्या तटाखालील पाण्याच्या मोरीतून वाट काढून वकिलातीत जे प्रथम पोचले, त्यांत शीख आणि राजपूत पलटणींचे जवान होते. शहर पडले, आणि मग लूट, जाळपोळ व अत्याचार यांना पारावार उरला नाही. सातव्या राजपूत पलटणीतील ठाकूर गदाधर सिंह या शिपायाने मायदेशी परतल्यावर 1902 मध्ये ‘चीन में तेरह मास’ हा ग्रंथ हिंदीत प्रसिद्ध केला. ओस पडलेली गावे आणि नद्यांतून वाहणारी प्रेते त्याने डोळ्यांनी पाहिली होती. ज्यांच्याशी आपण लढतो आहोत ते आपलेच शेजारी आशियाई आहेत, बुद्धाला मानणारे आहेत, या जाणिवेने त्याचे मन कष्टी झाले. एका परतंत्र देशाच्या शिपायांनी दुसऱ्या देशाच्या पारतंत्र्याला हातभार लावावा, यातील विपर्यास त्या साध्या सैनिकाच्या लेखणीने त्या काळातच टिपला, ही गोष्ट भारतीयांनी विसरता कामा नये.

7 सप्टेंबर 1901 रोजी तहावर सह्या झाल्या. चीनवर 45 कोटी ताएल चांदीचा दंड बसला. तो व्याजासह 39 वर्षांत फेडावयाचा होता. चीनची लोकसंख्याही तेव्हा सुमारे 45 कोटी मानली जाई; म्हणजे माणशी एक ताएल! परंतु त्या तहाचे पहिले कलम पैशाविषयी नव्हते, केटेलरविषयी होते. सम्राटाचा भाऊ प्रिन्स चुन याने स्वतः जर्मनीस जाऊन खेद व्यक्त करावा, आणि खून झाला त्या जागी स्मारक उभारून त्यावर लॅटिन, जर्मन व चिनी या भाषांत सम्राटाचा खेद कोरावा, असे ते कलम सांगत होते. प्रिन्स चुन त्या वेळी अवघा अठरा वर्षांचा होता. बर्लिनच्या वाटेवर स्वित्झर्लंडमधील बाझल येथे तो अडून बसला. कारण त्याच्या सोबतच्या अधिकाऱ्यांनी कैसरपुढे भूमीला मस्तक टेकवावे, असा जर्मन दरबाराचा हट्ट होता. हा हट्ट शेवटी सोडण्यात आला. पूर्वी चिनी सम्राट परकीय वकिलांकडून ज्या साष्टांग प्रणामाची अपेक्षा करीत, तोच आता चिन्यांकडून मागितला जात होता. कालाचा महिमा म्हणतात तो हाच.

तोरण 1903 च्या जानेवारीत पुरे झाले. रस्त्याची संपूर्ण रुंदी त्याने व्यापली होती. हमाल, व्यापारी, विद्यार्थी, सरदार, ज्याला ज्याला त्या रस्त्याने जावयाचे असे, त्याला त्या क्षमायाचनेखालूनच जावे लागे. राष्ट्राच्या अपमानाचे इतके प्रभावी साधन क्वचितच योजले गेले असेल. एनहायचे काय झाले? केटेलरचे घड्याळ त्याने गहाण टाकले होते. त्यावरून तो पकडला गेला, आणि 31 डिसेंबर 1900 रोजी खुनाच्याच जागी त्याचा शिरच्छेद करण्यात आला. परकीयांवर गोळ्या झाडण्याचा हुकूम होता आणि आपण तो पाळला, असे त्याचे म्हणणे होते. हुकूम देणाऱ्यांची नावे मात्र पुसट झाली.

पंधरा वर्षे लोटली. पहिल्या महायुद्धात चीनने 14 ऑगस्ट 1917 रोजी जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. चिनी सैन्य रणांगणावर गेले नाही. परंतु सुमारे 1 लक्ष 40 हजार चिनी मजूर फ्रान्सच्या भूमीवर खंदक खणण्याचे, रस्ते बांधण्याचे व मालवाहतुकीचे कष्ट उपशीत होते. 11 नोव्हेंबर 1918 रोजी युद्ध थांबल्याची वार्ता आली, तेव्हा बीजिंगमध्ये आनंदाला उधाण आले आणि लोकांचा पहिला मोर्चा वळला तो त्या तोरणाकडे. ते उतरविण्यात आले. त्याचे दगड मध्यवर्ती उद्यानात आणून 1919 मध्ये पुन्हा उभारण्यात आले आणि त्यांवर नवी अक्षरे कोरली गेली : ‘न्यायाचा विजय’.

त्या दिवसांत ‘न्याय’ हा शब्द चिनी सुशिक्षितांच्या ओठांवर सतत होता. अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांनी लहानमोठ्या सर्व राष्ट्रांना समान हक्क मिळतील असे आश्वासन दिले होते. छेन तुश्यू यांच्यासारख्या कडव्या टीकाकारानेही विल्सन यांची गणना जगातील पहिल्या प्रतीच्या सत्पुरुषांत केली. चीनची अपेक्षा फार मोठी नव्हती. शांडुंगमधील जर्मनीचे हक्क 1914 मध्ये जपानने युद्धाच्या मिषाने बळकावले होते, ते मूळ मालकास परत मिळावेत एवढीच. 1919 च्या जानेवारीत पॅरिसच्या शांतता परिषदेपुढे वेलिंग्टन कू या तरुण चिनी प्रतिनिधीने आपल्या देशाची बाजू मोठ्या कौशल्याने मांडली. कन्फ्यूशियस आणि मेन्शियस यांची ही जन्मभूमी चीनला पवित्र आहे, असे त्याने सांगितले. त्याच्या वक्तृत्वाची वाहवा झाली. परंतु ब्रिटन व फ्रान्स यांनी 1917 मध्येच जपानला गुप्तपणे वचन देऊन ठेवले होते, आणि 1918 मध्ये खुद्द बीजिंग सरकारनेही जपानशी तडजोडीचा पत्रव्यवहार केला होता. 30 एप्रिल 1919 रोजी निर्णय झाला. शांडुंगचे हक्क जपानकडे गेले.

ज्या भूमीवरून बॉक्सरांचा वणवा पेटला, जिच्यावर केटेलरच्या राष्ट्राने पहिला घाला घातला, तीच भूमी विजयाच्या वाटणीत तिसऱ्याच्या पदरात पडली, आणि इकडे उद्यानात ‘न्यायाचा विजय’ ही अक्षरे कोरली जात होती! 4 मे रोजी उद्यानालगतच्या तिआनआनमेनसमोर तीन हजारांहून अधिक विद्यार्थी जमले. वकिलातींच्या वस्तीत त्यांना जाऊ दिले नाही; तेव्हा जपानधार्जिण्या म्हणून गाजलेल्या एका मंत्र्याच्या घरावर ते चालून गेले आणि ते घर पेटवून देण्यात आले. शांघायपर्यंत व्यापाऱ्यांनी दुकाने बंद केली, कामगारांनी संप केले. 28 जून रोजी व्हर्सायच्या तहावर चिनी प्रतिनिधींनी सही करण्याचे नाकारले. शांडुंग 1922 मध्ये चीनला परत मिळाले; पण चिनी तरुणांचा पाश्चात्त्यांच्या शब्दावरील विश्वास परत आला नाही. कित्येकांनी रशियन क्रांतीकडे तोंड वळविले. 1921 मध्ये साम्यवादी पक्षाची स्थापना झाली, तिचे एक मूळ या निराशेत आहे. न्यायाच्या विजयाचे असले तोरण चीनच्या राजधानीतील उद्यानात उभे असणे हे मोठे नवल आहे, असा टोला लू शुन यांनी 1925 मध्ये लगावला, तो याच अनुभवातून.

त्याच वर्षी मार्च महिन्यात डॉ. सन यत्-सेन यांचे बीजिंगमध्ये देहावसान झाले. उद्यानातील जुन्या पूजामंदिरात त्यांचे पार्थिव लोकांच्या दर्शनासाठी ठेवण्यात आले आणि 1928 मध्ये उद्यानाला त्यांचे नाव मिळाले. तोरण मात्र जुन्याच नावाने उभे राहिले. पुढे जपानी आक्रमण आले, यादवी युद्ध आले, आणि 1949 मध्ये नव्या राजवटीची घोषणा शेजारच्याच महाद्वारावरून झाली.

तिसरे नाव मिळाले ते 1952 मध्ये. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात बीजिंगमध्ये आशिया व प्रशांत महासागर प्रदेशांतील राष्ट्रांची शांतता परिषद भरली. भारतातूनही प्रतिनिधी गेले होते. त्या प्रसंगी तोरणावरील जुनी अक्षरे काढून ‘शांततेचे रक्षण करा’ ही अक्षरे कोरण्यात आली. त्यांचे लेखन केले कवी व इतिहाससंशोधक क्वो मोरो यांनी. हा शब्द कोरला जात होता त्या वेळी कोरियात युद्ध चालू होते आणि चिनी सैन्य त्यात गुंतलेले होते. पुढे 1954 मध्ये भारत आणि चीन यांनी पंचशीलाचा उच्चार केला, आणि 1962 मध्ये हिमालयाच्या बर्फात त्याच दोन देशांचे जवान एकमेकांवर गोळ्या झाडीत होते. ‘न्याय’ या शब्दाची परीक्षा तीन महिन्यांतच झाली होती. ‘शांतता’ या शब्दाची परीक्षा होण्यास दहा वर्षे लागली, एवढाच काय तो फरक.

यावरून तोरणावरील अक्षरे केवळ ढोंग होती असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण तो अन्यायाचा होईल. 1919 च्या विद्यार्थ्यांना चीड आली ती त्या शब्दावर त्यांनी मनापासून विश्वास ठेवला होता म्हणूनच. विजेत्यांनी लादलेले दगड फोडून टाकणे चिनी लोकांना अशक्य नव्हते. त्यांनी ते जपून ठेवले आणि ज्या गोष्टीची आपल्याला आस आहे तिचे नाव त्यांवर कोरले. पहिला लेख परक्यांनी लिहवून घेतला होता, पुढचे दोन त्यांनी स्वतः लिहिले. एका राष्ट्राचा स्वाभिमान परत येण्याची ही खूण आहे, आणि स्वतःच्या हाताने लिहिलेल्या शब्दाचा जाब स्वतःलाच द्यावा लागतो, ही त्या स्वाभिमानाची किंमत आहे.

म्हणून या तोरणाखालून जाणाऱ्याने शिळेवरील एकच लेख वाचून पुढे जाऊ नये. त्याखाली पुसलेले दोन लेख आहेत. पालखीत मेलेला वकील आहे, हुकुमाचा ताबेदार शिपाई आहे, दंडाचा ताएल भरणारा शेतकरी आहे आणि हजारो मैलांवरून आणलेला हिंदुस्थानी जवानही आहे. या सर्वांची आठवण ठेवून वाचले, तरच त्या चार अक्षरांना वजन येते.