पावसाळ्यापुरती राजधानी

मुंबई इलाख्याचा गव्हर्नर वर्षभर मुंबईत राहत नसे. उन्हाळ्यात तो महाबळेश्वरला चढे आणि जूनमध्ये तिथे पावसाने झोडपायला सुरुवात केली की पुण्यात उतरे. कारण सह्याद्रीत आहे. समुद्रावरून आलेले ढग घाटमाथ्यावरच रिते होतात. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास, मुंबईत दोन हजारांच्या वर आणि पुण्यात जेमतेम सातशे. पुण्याला इलाख्याची पावसाळी राजधानी केलं ते या पर्जन्यछायेने, असं माझं मत आहे.

साहेब इथे आले ते छावणीमुळे आणि रेल्वेमुळे, असा आक्षेप कुणी घेईल. त्यात तथ्यही आहे. भोर घाटातून गाडी १८६३ मध्ये सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी गणेशखिंडीतल्या गव्हर्नमेंट हाउसचं, म्हणजे आजच्या विद्यापीठाच्या मुख्य इमारतीचं, काम निघालं. पण छावणी आणि रेल्वे बारमाही होत्या, मुक्काम मात्र हंगामी. सोय रेल्वेने केली, महिने पावसाने ठरवले. २२ जून १८९७ ला व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव याच बंगल्यात साजरा झाला आणि तिथून परतणाऱ्या प्लेग अधिकारी रँडवर दामोदर चाफेकरांनी गोळी झाडली. ती गोळी प्लेगच्या जुलमाविरुद्ध होती, हे निर्विवाद. पण सरकारी मेजवानी त्या रात्री मुंबईऐवजी पुण्यात का होती, याचं उत्तर मृगाच्या पावसात सापडतं. घोड्यांच्या शर्यतींनी तर ते वेळापत्रक अजून सोडलेलं नाही: पावसाळ्यात पुणे, हिवाळ्यात महालक्ष्मी.