पिकअपच्या पोटातला ट्रॅक्टर

महिंद्राच्या बोलेरो पिकअपच्या आरसी बुकावर इंजिनाचा आकार लिहिलेला असतो: २५२३ सीसी. हा आकडा अडनिडा आहे. २५०० नाही, २४९८ नाही, २५२३. इंजिन चार सिलिंडरचं. प्रत्येक सिलिंडरचा व्यास, म्हणजे बोअर, ८८.९ मिलिमीटर, पिस्टन वरखाली जितका सरकतो तो स्ट्रोक १०१.६ मिलिमीटर. ज्याच्या डोक्यात मिलिमीटर भिनलेला आहे असा इंजिनिअर ८९ घेईल किंवा ९० घेईल, १०० घेईल किंवा १०२. तो ८८.९ कशाला घेईल? दोन्ही आकड्यांना २५.४ने भागून बघा. साडेतीन इंच आणि चार इंच, एका केसाचाही फरक नाही.

गावोगावच्या पिकअपचं मूळ शोधताना मला सापडलेला सगळ्यात मोठा दुवा हाच. हे इंजिन इंचाच्या देशातून आलं आहे, आणि ते मोटारीतून नाही, जीपमधूनही नाही, तर ट्रॅक्टरमधून आलं आहे.

इंग्लंडात यॉर्कशायरमध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीचे कारखाने होते. १९५६च्या सुमाराला तिथून बी-२५० हा ट्रॅक्टर निघाला आणि १९५८मध्ये बी-२७५. दोन्हींत बीडी-१४४ हे चार सिलिंडरचं डिझेल इंजिन होतं. बीडी म्हणजे ब्रिटिश डिझेल आणि १४४ हे घनइंच. त्याचा बोअर ३.३७५ इंच, स्ट्रोक चार इंच. पुढे १९६१च्या बी-४१४ ट्रॅक्टरसाठी स्ट्रोक तोच ठेवून बोअर साडेतीन इंच केला आणि इंजिनाचं नाव झालं बीडी-१५४. १५४ घनइंचांचे सीसी करायला बसलात की उत्तर २५२३वर येऊन थांबतं. मी हा हिशेब पहिल्यांदा केला तेव्हा पुन्हा एकदा करून पाहिला, आणि पिकअपकडे बघायची माझी नजर त्या दिवशी बदलली.

एक गंमतीचा योगायोगही इथे नोंदवतो. यॉर्कशायरहून बी-२७५ बाहेर पडला त्याच १९५८ साली १ ऑक्टोबरपासून भारतात मेट्रिक मापं लागू व्हायला सुरुवात झाली. शेर आणि मण गेले, किलो आणि लिटर आले. इंच मात्र ट्रॅक्टरच्या पोटात बसून आला आणि आजही राहिला आहे.

भारतातला टप्पा बऱ्याच जणांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १९४५ साली महिंद्रा अँड मोहम्मद ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी निघाली, १९४७मध्ये मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू झाली, आणि भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेल्यावर नावात दोन महिंद्रा उरले. १९६३मध्ये महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली. मुंबईत कांदिवलीला बी-२७५ बनू लागला. १९७०च्या दशकात ही कंपनी महिंद्रात विलीन झाली आणि जीप व ट्रॅक्टर एका छपराखाली आले.

माझ्या मते पिकअपची खरी जन्मतिथी या विलीनीकरणात दडलेली आहे. तेव्हाच्या जीपचं इंजिन पेट्रोलचं, हरिकेन नावाचं. १९७३नंतर तेलाचे भाव भडकले आणि पेट्रोलची जीप चालवणं शेतकऱ्याला, पाटबंधारे खात्याला, कुणालाच परवडेना. त्याच घरात एक कसलेलं डिझेल इंजिन तयार होतं. ते जीपच्या बॉनेटखाली बसवलं गेलं आणि त्याचं नाव एमडी २३५० पडलं. बीडी-१४४चे सीसी काढा, २३४६च्या जवळपास येतात. नावातले २३५० कुठून आले हे वेगळं सांगायला नको.

आता प्रतिपक्षाकडे वळतो, कारण तो तगडा आहे. जुन्या जीपवाल्यांना विचारलं तर निम्मे जण म्हणतील की महिंद्राच्या गाड्यांचं खरं इंजिन फ्रेंच. यात तथ्य आहे. १९७९च्या सुमाराला महिंद्राने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून एक्सडीपी ४.९० या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला. ४.९० म्हणजे चार सिलिंडर आणि ९० मिलिमीटरचा बोअर. स्ट्रोक ८३, एकूण २११२ सीसी. पुढे त्याचाच मोठा भाऊ आला, बोअर ९४, स्ट्रोक ९०, आकार २४९८ सीसी. २००० साली बोलेरो बाजारात आली तेव्हा तिच्यात हेच घराणं होतं. म्हणजे बोलेरो या नावापुरतं बोलायचं तर प्यूजोवाले बरोबर आहेत.

पण पिकअपच्या बाबतीत त्यांचं म्हणणं टिकत नाही, आणि साक्ष पुन्हा आकड्यांचीच आहे. प्यूजोच्या दोन्ही इंजिनांत बोअर मोठा आणि स्ट्रोक आखूड. पिकअपच्या इंजिनात नेमकं उलटं. बोअर वाढवणं सोपं असतं. कारखाने ते वरचेवर करतात. स्ट्रोक बदलायचा तर क्रँकशाफ्ट बदलावा लागतो, ब्लॉकची उंची बदलावी लागते, म्हणजे जवळजवळ नवं इंजिनच करावं लागतं. म्हणून कुळ ओळखायचं ते स्ट्रोकवरून. चार इंच यॉर्कशायरपासून आजपर्यंत हललेले नाहीत.

दुसराही पुरावा आहे आणि तो नाशिक जिल्ह्यातल्या थंडीत मिळतो. प्यूजोच्या इंजिनात डिझेल आधी एका छोट्या कप्प्यात फवारलं जातं आणि तिथून पेट सिलिंडरमध्ये जातो. थंडीत तो कप्पा तापलेला हवा, म्हणून हीटर प्लग. डिसेंबरच्या पहाटे चावी अर्धी फिरवून, हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबून मग स्टार्टर मारायचा. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे पिकअपच्या इंजिनात, डिझेल थेट पिस्टनच्या डोक्यावर पडतं. डायरेक्ट इंजेक्शन, म्हणजे डीआय. कप्प्याच्या भिंतींत उष्णता वाया जात नाही, त्यामुळे तेवढ्याच कामाला साधारण दहा ते पंधरा टक्के डिझेल कमी लागतं. गावात 'डीआय गाडी आहे का प्यूजो?' हा प्रश्न जीप विकत घेताना विचारला जायचा, आणि विचारणारा डिझेलचा हिशेब मनात मांडूनच विचारायचा. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर २७५ डीआय हीच दोन अक्षरं तो रोज पाहत होता.

इथपर्यंत वंशावळ झाली. आता खरा वाद: या वंशाचा आणि लोकप्रियतेचा संबंध काय?

ड्रायव्हर मंडळींचं उत्तर ठरलेलं आहे: 'लोड खेचते.' रत्नागिरीहून आंब्याच्या पेट्यांनी हौदा भरून, वर ताडपत्री आवळून आंबा घाट चढणारी पिकअप बघा. वळणावर वेग पडतो, इंजिनाचा आवाज खाली जातो, आणि ड्रायव्हर गिअर न टाकता तशीच दुसऱ्यावर ओढून नेतो. पेट्रोलची गाडी त्या जागी धडधडून बंद पडली असती. कंपनीचे आकडेही हेच सांगतात: या इंजिनाचा पूर्ण जोर, सुमारे २०० न्यूटन-मीटर, मिनिटाला १४०० ते २२०० फेऱ्यांच्या पट्ट्यातच मिळतो. नांगराच्या मागे दिवसभर चालणाऱ्या इंजिनाचीही कामाची फेरी साधारण याच पट्ट्यातली.

यावर ‘लांब स्ट्रोक म्हणजे जास्त जोर’ असं सरळ समीकरण मांडलं जातं. ते अर्धंच खरं आहे. इंजिनाचा जोर ठरतो तो एकूण आकारमानावर आणि आतल्या दाबावर. स्ट्रोक लांब केला आणि आकारमान तेच राहील इतका बोअर घटवला तर जोर तिथल्या तिथे राहतो. लांब स्ट्रोकचा परिणाम वेगळ्या वाटेने होतो. पिस्टनला प्रत्येक फेरीत जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून फेऱ्या फार वाढवता येत नाहीत. वाढवल्या तर रिंगा आणि लाइनर झिजतात. म्हणून असं इंजिन घडवणारा माणूस व्हॉल्व्हची वेळ, पंपाचं सेटिंग, फ्लायव्हीलचं वजन सगळं खालच्या फेऱ्यांसाठी बसवतो. जोर या सगळ्या बसवणुकीतून येतो.

माझ्या मताला सगळ्यात अवघड प्रश्न आफ्रिकेतून येतो. प्यूजो ५०४ ही पिकअप नायजेरिया आणि केनियात जोडली जायची आणि तिथल्या ग्रामीण रस्त्यांवर तिने अनेक वर्षं राज्य केलं. तिच्यातही एक्सडी घराण्याचंच डिझेल इंजिन मिळायचं: मोठा बोअर, आखूड स्ट्रोक, हीटर प्लग. फ्रेंच इंजिन आफ्रिकेच्या खेड्यात देव झालं आणि आपल्याकडे मागे पडलं, असं का? नुसत्या इंजिनाच्या मापांवरून याचं उत्तर मिळत नाही.

उत्तर गॅरेजमध्ये आहे, अशी माझी पक्की खात्री आहे. पश्चिम आणि पूर्व आफ्रिकेत प्यूजोच्या मोटारी पिकअपच्या आधीपासून टॅक्सी म्हणून धावत होत्या. तिथल्या मिस्त्रींचे हात त्याच इंजिनावर बसले होते. आपल्याकडे बऱ्याच गावांत मोटार पोचायच्या आधी ट्रॅक्टर पोचला. १९६५नंतरच्या दोन दशकांत जो फिटरकाम शिकला, तो बहुधा बी-२७५चं हेड उतरवत, टॅपेट लावत, नोझल साफ करत, लाइनर-पिस्टन बदलतच शिकला. त्याच्यासमोर त्याच कुळाचं इंजिन जीपमध्ये बसून आलं, मग पिकअपमध्ये आलं. त्याला नवीन काही शिकावं लागलं नाही. आणि शेतमाल नेणाऱ्या माणसाला गाडीत सगळ्यात मोलाचं काय, तर रात्री अकराला ती बंद पडली तर पहाटेच्या लिलावाआधी चालू करून देणारा माणूस जवळ असणं. टोमॅटो दोन दिवस थांबत नाही.

मधला दुवा वडापचा. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे वडाप, मराठवाडा-विदर्भात काळी-पिवळी. कमांडर आणि मार्शल या जीपमध्ये दाटीवाटीने माणसं कोंबून नेणारी ती पिढी. त्यातले ड्रायव्हरच पुढे पिकअपवर आले असं माझं अनुमान आहे. स्टिअरिंगमागचा माणूस तोच आणि बॉनेटखालचा आवाज ओळखीचा; मागे माणसांच्या जागी कॅरेट, दुधाचे कॅन, चाऱ्याच्या पेंढ्या आणि बाजाराच्या शेळ्या आल्या.

दुसरी कारणंही पुढे केली जातात. मागचे पाटे मजबूत, चासी वेगळी, त्यामुळे दीड-पावणेदोन टन झेपतं. बरोबर, पण पाटे आणि चासी प्रत्येक पिकअपला असतात. कर्ज सहज मिळतं, हेही खरं, पण कर्ज देणारा जुनी गाडी काय भावाने विकली जाईल ते बघतो, आणि जुन्या गाडीचा भाव पुन्हा मिस्त्रीवर येऊन थांबतो. २००५ साली आलेल्या टाटा एसने, आपल्या छोट्या हत्तीने, शहराची गल्ली जिंकली. पण दोन सिलिंडर आणि सुमारे ७०० सीसीवर घाट आणि दीड टन जमत नाही. टाटाची २०७ डीआय मात्र गावात मनापासून स्वीकारली गेली, आणि तिची मापं पाहा: बोअर ९७, स्ट्रोक १००, डायरेक्ट इंजेक्शन. बोअरपेक्षा स्ट्रोक मोठा, हीटरची झंझट नाही. प्रतिस्पर्ध्याची गाडीही माझ्याच बाजूने साक्ष देते.

या कुळकथेतला सगळ्यात विलक्षण भाग असा की ट्रॅक्टरकडे नाव राहिलं आणि पिकअपकडे इंजिन राहिलं. महिंद्रा २७५ डीआय आजही विकला जातो, पण त्यात आता तीन सिलिंडरचं वेगळं इंजिन आहे. चार सिलिंडर आणि चार इंचांची ती जुनी ठेवण कॉमन रेल आणि टर्बो लावून, प्रदूषणाचे नवे निकष पार करून पिकअपमध्ये चालू आहे.

तालुक्याच्या जुन्या गॅरेजमध्ये, ट्रॅक्टरच्या दुकानाच्या माळ्यावर १९७०-८०च्या दशकातली इंटरनॅशनलची सर्व्हिस मॅन्युअल, पार्ट कॅटलॉग, इंजिनावरच्या नंबरप्लेटी अजून सापडतात. आपल्याकडे यंत्रांचा इतिहास कुणी फारसा लिहून ठेवलेला नाही. तो या तेलकट कागदांत आहे. तुमच्या ओळखीच्या मिस्त्रीकडे असं काही असेल तर ते रद्दीत जाऊ देऊ नका. आणि पुढच्या वेळी पिकअपचं हेड उतरलेलं दिसलं तर कॅलिपर लावून बोअर मोजा. मोजलेलं लिहून ठेवा.