माऊस आपोआप हलू लागला तेव्हा : युक्रेनच्या विजेवरील हल्ल्यांची कथा

१/ २३ डिसेंबर २०१५. दुपारचे साडेतीन वाजून गेले होते. पश्चिम युक्रेनमधील इव्हानो-फ्रँकिव्स्क परिसराला वीज पुरवणाऱ्या ‘प्रिकारपत्तियाओब्लेनेर्गो’ या कंपनीच्या नियंत्रण कक्षात एका कर्मचाऱ्याच्या पडद्यावरील कर्सर आपोआप सरकू लागला. त्याने एका उपकेंद्राचे ब्रेकर उघडले आणि तिथला पुरवठा बंद पाडला. कर्मचाऱ्याने माऊस ओढून पाहिला. उपयोग झाला नाही. क्षणार्धात तो प्रणालीबाहेर फेकला गेला. पुन्हा आत शिरू पाहतो तो पासवर्ड बदललेला!

२/ अर्ध्या तासाच्या आत आणखी दोन वितरण कंपन्यांवर हाच प्रसंग ओढवला. सुमारे सव्वादोन लाख ग्राहक ऐन हिवाळ्यात अंधारात गेले. सायबर हल्ल्यामुळे वीजपुरवठा खंडित झाल्याची, जाहीरपणे मान्य झालेली ही जगातील पहिली घटना.

३/ हल्ला दुपारी झाला, पण त्याची पेरणी कित्येक महिने आधीची. कर्मचाऱ्यांना ईमेलने ऑफिसच्या साध्या फायली आल्या होत्या. त्यांत ‘ब्लॅकएनर्जी’ हे मालवेअर दडलेले होते. हल्लेखोरांनी घाई केली नाही. आत राहून यंत्रणा न्याहाळली, पासवर्ड मिळवले, दुरून काम करण्याच्या अधिकृत वाटा शोधल्या. आपल्या इतिहासाच्या भाषेत सांगायचे तर तट फोडावा लागलाच नाही. दरवाजाच्या किल्ल्याच हाती आल्या होत्या.

४/ पुढची तयारी तर अधिकच थंड डोक्याची. नियंत्रण कक्षाला आधार देणारा बॅटरीचा पुरवठाही बंद होईल अशी व्यवस्था केलेली. ग्राहकांना तक्रार नोंदवता येऊ नये म्हणून कॉल सेंटरवर खोट्या फोनचा भडिमार. उपकेंद्रांशी संपर्क ठेवणारी उपकरणे निकामी केलेली, आणि शेवटी संगणकांतील माहिती पुसून टाकलेली.

५/ मग वीज आली कशी? माणसे गाड्या काढून उपकेंद्रांवर गेली आणि त्यांनी हाताने ब्रेकर बंद केले. एक ते सहा तासांत पुरवठा पूर्ववत झाला. जुन्या यंत्रणेला नाके मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे : हाताने चालवण्याची सोय आणि ती वापरण्याचा सराव शिल्लक होता, म्हणूनच रात्र निभावली.

६/ आता या कथेची दुसरी बाजू. शत्रूच्या हालचालींची खबर सरकारकडे असते. पण हल्ल्याच्या खुणा उमटतात कंपनीच्या संगणकांत. सरकार गुप्ततेपायी बोलत नाही, कंपनी बदनामी आणि दंडाच्या भीतीने बोलत नाही. हा पेच अमेरिकेने १९९८ मध्येच ओळखला होता. त्या वर्षीच्या अध्यक्षीय आदेशाने प्रत्येक महत्त्वाच्या उद्योगाला माहितीच्या देवाणघेवाणीसाठी केंद्र उभारण्याचे आवाहन केले. वीज क्षेत्राचे केंद्र त्यातूनच आकाराला आले. योगायोग असा, की धोक्याची माहिती देणाऱ्या कंपन्यांना कायदेशीर संरक्षण देणाऱ्या अमेरिकी कायद्यावर स्वाक्षरी झाली ती १८ डिसेंबर २०१५ रोजी, म्हणजे युक्रेनमधील हल्ल्याच्या अवघ्या पाच दिवस आधी.

७/ युक्रेनने या वेळी मौन पाळले नाही, हे त्याचे मोठेपण मानावे लागेल. अमेरिकी सरकारी संस्था आणि वीज उद्योगातील तज्ज्ञांचे पथक तेथे गेले. हल्ला सोसलेल्या कर्मचाऱ्यांनी काय घडले ते त्यांना सांगितले. फेब्रुवारी २०१६ मध्ये अमेरिकी सरकारने त्यावर इशारा प्रसिद्ध केला. मार्चमध्ये वीज क्षेत्राच्या माहिती-केंद्राने ‘सँस’ या प्रशिक्षण संस्थेसह सविस्तर अहवाल काढला. एका देशाची जखम इतरांच्या अभ्यासाचा विषय झाली.

८/ तरीही १७ डिसेंबर २०१६ च्या मध्यरात्रीच्या सुमारास कीव्हजवळील ‘पिवनिच्ना’ उपकेंद्र बंद पडले आणि राजधानीचा काही भाग सुमारे तासभर अंधारात राहिला. या वेळी कर्सर हलवायला माणूस लागला नाही. ‘इंडस्ट्रॉयर’ हे मालवेअर उपकेंद्रातील यंत्रांची भाषा स्वतःच बोलत होते.

९/ एप्रिल २०२२. आता उघड युद्ध पेटलेले. याच मालवेअरची नवी आवृत्ती एका वीज कंपनीच्या यंत्रणेत पेरली गेली. स्फोटाची वेळ ठरली ८ एप्रिलची संध्याकाळ. युक्रेनचे सरकारी सायबर पथक, ती वीज कंपनी, स्लोव्हाकियाची ‘ईसेट’ आणि ‘मायक्रोसॉफ्ट’ यांनी मिळून डाव उधळला. १२ एप्रिलला सरकारने आणि ईसेटने तपशील जाहीर केला, जेणेकरून इतर देशांतील कंपन्यांना आपापल्या यंत्रणा तपासता याव्यात. २०१६ च्या मालवेअरचा बारकाईने अभ्यास ईसेटनेच केलेला होता. त्यामुळे नव्या आवृत्तीचे जुन्याशी असलेले नाते ओळखणे सोपे गेले.

१०/ हल्लेखोर मात्र थांबले नाहीत. ऑक्टोबर २०२२ मध्ये क्षेपणास्त्रांचा मारा सुरू असतानाच त्यांनी एका उपकेंद्राचे ब्रेकर उघडून वीज घालवली. त्यासाठी त्यांनी खास मालवेअर वापरले नाही. नियंत्रण प्रणालीच्या स्वतःच्याच आज्ञा वापरल्या. जगाला हे कळले नोव्हेंबर २०२३ मध्ये, ‘मँडिअंट’ या कंपनीच्या अहवालातून.