शेकोटी : लांकडाची कीं गॅसची?

तीस वर्षांहून अधिक काळ मीं मुलांना राजे आणि लढाया शिकविल्या. विस्तवाचा इतिहास मात्र कधीं सांगितला नाहीं. ती उणीव आज भरून काढावी असा विचार आहे. थंड देशांत घर बांधणाऱ्यापुढें एक प्रश्न हटकून उभा राहतो : बैठकीच्या भिंतींत बांधावयाची शेकोटी लांकडाची असावी कीं गॅसची? प्रश्न केवळ सोयीचा वाटतो. परंतु लंडन शहरानें त्याचें मोल माणसांच्या प्राणांनीं मोजलें आहे.

इंग्लंडांत पूर्वीं घराच्या मधोमध लांकडें पेटवीत व धूर छपरांतून वाट काढी. पुढें भिंतींत शेकोटी आणि वर धुराडें आलें. सोळाव्या शतकांत लंडनची वस्ती वाढली, सरपण महागलें, आणि न्यूकॅसलहून जहाजांनीं येणारा दगडी कोळसा घरोघरीं जळूं लागला. १६६१ सालीं जॉन इव्हलिन यांनीं या धुराविरुद्ध पुस्तिका लिहून ती राजास सादर केली. दुसऱ्याच वर्षीं सरकारनें दर शेकोटीमागें वर्षास दोन शिलिंग कर बसविला. लोकांच्या रोषामुळें तो कर १६८९ सालीं उठला. धूर मात्र उठला नाहीं.

१७९६ सालीं काउंट रमफर्ड यांनीं दाखवून दिलें कीं, उघड्या शेकोटीची बरीचशी ऊब धुराड्यावाटे फुकट जाते. त्यांनीं शेकोटी उथळ केली, तिच्या बाजू तिरप्या केल्या आणि धुराड्याचा गळा अरुंद केला. खोलींतला धूर कमी झाला. पण खोलींतला धूर गेला म्हणजे गांवचा धूर गेला असें नव्हे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गॅसच्या शेकोट्या आल्या. राख नाहीं, ओझें वाहणें नाहीं. तरीहि लोकांचें मन उघड्या विस्तवावरून हलेना. १९४५ सालीं जॉर्ज ऑर्वेल यांनीं कोळशाच्या शेकोटीची बाजू हिरिरीनें मांडली. तिच्याभोवतीं कुटुंब एकत्र बसतें, हा त्यांचा मुद्दा कोण नाकारील? परंतु सातच वर्षांनीं, १९५२ च्या ५ ते ९ डिसेंबरपर्यंत, वारा पडला आणि धुकें व धूर शहरावर कोंडून राहिला. प्रथम सुमारें ४,००० मृत्यु मोजले गेले; पुढील अभ्यासकांनीं तो आंकडा १२,००० पर्यंत नेला. त्या धुरांत कारखान्यांबरोबर घरोघरच्या शेकोट्यांचाहि मोठा वांटा होता. १९५६ सालीं स्वच्छ हवेचा कायदा झाला. नेमून दिलेल्या भागांत धूर करण्यास बंदी आली, आणि गॅस, वीज व निर्धूर इंधन यांस घरांत जागा मिळाली.

आतां तेथें लांकूड पुन्हां आवडतें झालें आहे. झाड पुन्हां वाढतें, हा त्याचा गुण. पण वाळलेल्या लांकडाच्या धुरांतहि फुप्फुसांत खोल शिरणारे सूक्ष्म कण असतात. गॅसहि निर्दोष नाहीं. तो जमिनीखालून येतो व जळतांना हवेंत कार्बन डायॉक्साइडची भर घालतो. धुराडें तुंबलें तर कार्बन मोनॉक्साइड हा गंधहीन विषारी वायु घरच्यांचाच घात करतो. म्हणून भर वस्तींत गॅस, तोहि दरवर्षीं तपासून घेतलेला, आणि शेजार दूर असेल तेथें सुकें लांकूड, असा निवाडा मी देईन.

माझ्या आईनें चुलीपुढें फुंकणी घेऊन जन्म काढला. तिचे लाल झालेले डोळे मीं रोज पाहिले, पण त्यांचें कारण तिला कधीं विचारलें नाहीं. आमची भाकरी होई आणि धूर तिच्या छातींत जाई. लंडनांत तो शेजाऱ्याच्या छातींत गेला, एवढाच काय तो फरक. विस्तव आपला असला तरी धूर कोणाच्या वांट्यास जातो, हें आधीं पाहावें, एवढीच विनंती.