करप्याचा वारा

१८४५ साली आयर्लंडमधले बटाट्याचे मळे बघता बघता काळे पडले. जमिनीतले बटाटेही सडले. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि तापाने गेली, जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. त्याच काळात तिथून धान्य भरलेली जहाजे इंग्लंडला जात होती.

रोग नेमका कशाचा, यावर विद्वानांत वाद. जॉन लिंडली म्हणत, अति पावसाने झाडे आतून कुजली. बुरशी मागाहून आली. माइल्स बर्कली हे पाद्री. त्यांनी पाने सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि १८४६ साली उलट लिहिले : बुरशी हेच कारण. फारसे कुणी मानले नाही. १८६१ मध्ये अंतोन द बारी यांनी प्रयोग करून तेच दाखवले.

मी कविता लिहिणारा, पण मला वाटते, लिंडलीही पुरते चुकले नव्हते. ओल लागतेच. १९४७ साली बोमाँट यांनी इंग्लंडसाठी आडाखा बांधला : सलग ४८ तास तापमान १० अंशांखाली आणि आर्द्रता ७५ टक्क्यांखाली गेली नाही, तर करप्याचा धोका.

पण बीजाणू वाऱ्यावर जातात, आणि वाऱ्याचे गणित अवघड. लुइस फ्राय रिचर्डसन यांनी ते हाताने सोडवून १९२२ साली छापले. सहा तासांत वायुदाब १४५ मिलिबारने बदलेल, असे उत्तर आले. प्रत्यक्षात तो जवळपास हललाच नव्हता. ही चूक त्यांनी लपवली नाही. १९५० मध्ये अमेरिकेतल्या एनिॲक संगणकावर असा अंदाज प्रथम जमला. आता त्याच जातीच्या गणिताने बीजाणू कुठवर उडतील, हे काढतात.

आणि संग्रहालयांत जपलेली ती जुनी रोगट पाने? २०१३ मध्ये त्यांच्यातल्या डीएनएवरून त्या रोगजंतूचा वाण ओळखला गेला.