चार हात, चार आयुधे आणि चोवीस नावे

मुंज झालेल्या मुलाला संध्या शिकवताना विष्णूची चोवीस नावे पाठ करून घेतात. केशव, नारायण, माधव अशी सुरुवात होते आणि यादी श्रीकृष्णावर थांबते. नावे जन्मभर तोंडात राहतात; पण ती चोवीसच का, हे सहसा कोणी विचारत नाही. मूर्तिशास्त्रापुरते तरी त्याचे उत्तर गणितात सापडते, आणि ते गणित भास्कराचार्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना सोडवायला घातले होते.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ.स. १११४ चा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, इ.स. ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' रचला. 'लीलावती' हा त्याचा पहिला भाग. तिच्या शेवटाकडे 'अंकपाश' नावाचे प्रकरण आहे. त्यातले एक उदाहरण असे: हरीच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म आहेत. ती हातांत अदलाबदल करून धरली तर मूर्तीचे किती भेद होतील? आणि शंभूच्या दहा हातांत पाश, अंकुश, सर्प, डमरू, त्रिशूळ अशी दहा आयुधे असतील तर किती?

रीत सोपी आहे. पहिल्या हातासाठी चारांपैकी कोणतेही आयुध निवडता येते, दुसऱ्यासाठी तीन उरतात, मग दोन, शेवटी एक. ४ × ३ × २ × १ = २४. शंभूच्या बाबतीत दहापासून एकपर्यंत गुणत गेले की ३६,२८,८०० येतात. रोज एक मूर्ती घडवली तरी शिल्पकाराला जवळजवळ दहा हजार वर्षे लागतील!

हरीचे चोवीस भेद मात्र आवाक्यातले. अग्निपुराणात आणि इतर ग्रंथांत प्रत्येक नावाला आयुधांचा एक क्रम नेमून दिलेला आहे. कोणत्या हातात काय आहे हे पाहून ही मूर्ती केशवाची की माधवाची ते ओळखायचे. शाळेच्या भाषेत ही 'एकास एक संगती' झाली. या याद्यांत ग्रंथागणिक फरक आढळतात. अशा वेळी भास्कराचार्यांचे उत्तर उपयोगी पडते. एकाच यादीत दोन नावांना एकच क्रम दिसला, तर दुसरा कुठला तरी क्रम बिननावाचा राहिला आहे, हे मोजणीच सांगते.

याच पुस्तकात आधी एक स्वयंपाकघरातले उदाहरण येते. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट हे सहा रस एकेक, दोन-दोन, तीन-तीन असे घेऊन किती चवी होतील? अनुक्रमे ६, १५, २०, १५, ६ आणि १, एकूण ६३. आयुर्वेदातही रसांचे त्रेसष्टच भेद सांगितले आहेत.

ही दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहावीत. सोलकढीत मीठ आधी घातले काय किंवा मिरची आधी घातली काय, रस तेच. पण शंख आणि चक्र यांचे हात बदलले की देवाचे नाव बदलते. 'क्रम बदलल्याने वस्तू बदलते का?' हा एकच प्रश्न मोजणीच्या मुळाशी आहे. आजची मुले 'पर्म्युटेशन' आणि 'कॉम्बिनेशन' यांची सूत्रे घोकतात आणि परीक्षेत कुठले वापरायचे इथेच अडतात. लीलावतीच्या विद्यार्थ्याला तो फरक देवळातून आणि चुलीपाशी आधीच ठाऊक होता. गणिताने त्याला फक्त आकडा दिला.

आणि ही उदाहरणे कोणाच्या जिवावर टिकली? भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होते. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांनी चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ काढला. शके ११२८ मध्ये निकुंभ घराण्यातील सोइदेवाने त्या मठाला दान दिले. तिथल्या शिलालेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. त्यात बाजारातल्या मालावर मठासाठी काय द्यायचे ते सांगितले आहे: ग्राहकाकडून पाच पोफळी, घाण्याकडून पळीभर तेल. पोफळी हा शब्द आपल्या बागाईतल्या माणसाला समजावून सांगायला नको. हा लेख १८६५ मध्ये अभ्यासकांपुढे आणला डॉ. भाऊ दाजी लाड यांनी, आणि ते मूळचे आपल्या पेडण्यातील मांद्र्याचे.

गणित पढवायला राजाचे दान लागले, तसेच तेल्याचे तेल आणि गिऱ्हाईकाची सुपारीही लागली. मठ गेला, उदाहरणे राहिली. ना. ह. फडके यांचे 'लीलावती पुनर्दर्शन' १९७१ मध्ये आले; त्यात ती मराठीत वाचायला मिळतात.

जाता जाता अंकपाशातलेच एक, घरातल्या मुलांसाठी. ४, ८, ५, ५, ५ हे पाच अंक वापरून पाच अंकी संख्या किती होतील? तीन पाच एकसारखे आहेत, ते आपापसांत बदलले तरी संख्या तीच राहते, एवढे लक्षात ठेवावे. उत्तर वीस यायला हवे.