कर्णा, माईक आणि अक्काच्या ओव्या

आमच्या आईचा आवाज आमच्याकडे आहे, आणि म्हटलं तर नाही. १९८६ साली एका कॅसेटवर तिच्या जात्यावरच्या ओव्या मी टेप केल्या होत्या. मध्यंतरी ती कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. ऐकायला बसलो तर सगळीकडे पंखाच पंखा! आई गायला लागली की पंखा मागे सरतो, ती श्वास घ्यायला थांबली की अंगावर येतो. त्या टेपरेकॉर्डरला शांतता दिसली की आवाज आपोआप वाढवायची खोड होती, हे मला आत्ता कळलं. शिवाय यंत्र ठेवलं होतं कपाटावर, आणि आई खाली जमिनीवर.

त्या ओव्या आता फक्त अक्काला येतात. अक्का एक्क्याऐंशीची आहे. गेल्या हिवाळ्यातल्या आजारपणापासून दोन ओव्या झाल्या की तिला दम लागतो. तेव्हा हे काम पुढच्या वर्षावर टाकण्यासारखं नव्हतं.

मग मी दुकानात गेलो. "काका, कंडेन्सर घ्या, स्टुडिओत हाच वापरतात," असं म्हणून त्या मुलाने एक माईक हातात दिला. घरी येऊन कॉम्प्युटरला लावला. ढिम्म. एक अक्षर उमटेना. आता इतिहासाचा मास्तर अडला की काय करणार? मागे जाऊन पाहणार. तसंच केलं.

नोव्हेंबर १९०२. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात गौहरजानचं गाणं ध्वनिमुद्रित करतो. तिथे माईक नाही, वीजही नाही. एक मोठा कर्णा, त्याच्या टोकाला पातळ पडदा, पडद्याला सुई आणि खाली फिरणारी मेणाची तबकडी. गाणाऱ्याच्या फुप्फुसात जो जोर असेल तेवढ्यावरच मेण कोरलं जायचं. म्हणून कर्ण्यात तोंड घालून मोठ्यांदा गायचं, आणि तेही तीनेक मिनिटांत आटपायचं. शेवटी गौहरजान इंग्रजीत आपलं नाव सांगते. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या, तिथल्या माणसांना गाणारी कोण हे कळायला हवं ना! आपल्या संगीत नाटकातल्या नटांचंही तेच. शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकापर्यंत गळ्याच्या जोरावरच पोचायचं. अक्कासारख्या बारीक आवाजाच्या बाईला त्या कर्ण्यापुढे उभं करून काही उपयोग झाला नसता.

१९१६च्या सुमारास अमेरिकेत ई. सी. वेंटे यांनी कंडेन्सर माईक तयार केला. ताणलेला धातूचा पातळ पडदा, मागे दुसरी पट्टी, दोहोंत विजेचा भार. आवाजाने पडदा हलला की विजेत बदल होतो. पण हा बदल इतका क्षीण की व्हॉल्व्हचा अँप्लिफायर अगदी माईकला लागूनच ठेवावा लागे. म्हणजे प्रीअँप ही काही नंतर सुचलेली चैन नव्हे, ती माईकची जुळी बहीण आहे. (व्हॉल्व्हचे रेडिओ तापायला वेळ घ्यायचे, ते आमच्या पिढीला आठवत असेल.) १९२५पासून विजेवरचं ध्वनिमुद्रण बाजारात आलं आणि हळू गाणाऱ्यांचे दिवस उजाडले. तिकडे बिंग क्रॉसबी, इकडे सैगल. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९०५च्या सुमाराच्या तबकड्या ऐका आणि मग १९३०नंतरच्या ऐका. दुसऱ्या खेपेला ते साठीच्या आसपास होते, तरी सूर किती जवळून येतो! तरुणपणचा आवाज कर्ण्याने घेतला आणि म्हातारपणचा माईकने, त्याचा हा फरक. मला त्या क्षणी अक्काबद्दल जरा धीर आला.

आता माझा माईक मुका का, त्याचं उत्तर. पुढे व्हॉल्व्ह जाऊन ट्रान्झिस्टर आले, तेव्हा माईकला लागणारी वीज आवाजाच्याच केबलमधून पाठवता येऊ लागली. १९६६मध्ये नॉयमान कंपनीने नॉर्वेच्या रेडिओसाठी असे माईक केले. तिथल्या स्टुडिओंत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टचा पुरवठा आधीच होता, म्हणून तोच आकडा धरला. तोच आज जगभर चालतो. माझ्या कॉम्प्युटरच्या भोकात ते ४८ व्होल्ट नव्हते, एवढंच!

भाचा म्हणाला, "मामा, तो परत करा, डायनॅमिक घ्या." त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. डायनॅमिक माईकला बाहेरून वीज लागत नाही, आणि चार बोटांवरून गायलं की खोलीतला गोंगाट कमी येतो. पण त्याची वीज फार थोडी. हळू आवाजाला ती हजार पटीपर्यंत वाढवावी लागते, आणि स्वस्तातल्या प्रीअँपवर तेवढं वाढवलं की सूं सूं ऐकू येते. तरी मी त्याच्याच बाजूने झुकलो होतो. पण अक्काला गायला बसवून पाहिलं, तर ती ओवी म्हणताना जातं फिरवल्यासारखी पुढेमागे झुलते! चार बोटांचं अंतर तिथे कसं राहणार? "अक्का, जरा स्थिर बस गं," म्हटलं, तर ओवीच विसरली. म्हणाली, "अरे, हात थांबला की ओवी थांबते."

तेव्हा कंडेन्सरच ठेवला, वीतभर लांब, म्हणजे झुलण्याने आवाज फारसा खालीवर होत नाही. ४८ व्होल्ट देणारी इंटरफेसची डबी वेगळी घेतली, प्रीअँप तिच्यातच असतो. कंडेन्सर खोलीतलं सगळंच टिपतो, म्हणून भिंतीवर गोधड्या टांगल्या, पंखा बंद केला (हे आधी!) आणि वेळ ठरवली पहाटे साडेचारची. रस्त्यावर एस.टी. नाही, शेजारी कुकर नाही. अक्का म्हणाली, "हीच तर दळायची वेळ."

चार पहाटांत एकवीस ओव्या झाल्या. मध्ये तिचा दम स्पष्ट ऐकू येतो. भाचा म्हणतो तो काढता येईल. मी म्हटलं, राहू दे.

माहेरच्या वाटेवरची आणि पंढरीची एक, अशा दोन ओव्यांच्या पुढच्या ओळी तिला आठवत नाहीत. मावशीच्या घरच्यांपैकी कुणाला येत असतील तर मला फोन करा, शक्यतो या आठवड्यातच.